डॉक्टर आणि लाल बटण

आमच्या दाजींना वीजकेंद्रात सगळे डॉक्टर म्हणत. शाळा त्यांनी दहावीतच सोडली होती, पण त्यांच्याकडे हातभर लांबीची एक लोखंडी सळई होती. तिचं एक टोक पंपाला लावायचं, दुसरं कानाला, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "याचे चार दिवस राहिलेत." पाचव्या दिवशी पंप बसलेला असायचा. घरात मात्र ताईची तिसरी हाकही त्यांना ऐकू जात नसे, हे मी बायकोचा भाऊ या नात्यानं मुद्दाम सांगतो.

माझं सलून केंद्राच्या फाटकासमोर आहे. पाळी सुटली की माणसं थेट माझ्याकडे यायची. पहिलं पाणी काळं, दुसरं राखाडी, मग कुठे खुर्चीत कोण बसलंय ते कळायचं.

गेल्या वर्षी कोळसा बंद झाला. जिथं कोळशाचे ढीग असायचे, तिथं आता ओळीनं सोलर पॅनेल उभी आहेत. चारशे माणसं जे काम करायची ते बारा जणांत होतं. ताईच्या खाणावळीत साठ ताटं लागायची, आता सात लागतात. हवा मात्र इतकी स्वच्छ झाली, की ताईनं जन्मात पहिल्यांदा पांढऱ्या चादरी बाहेर वाळत घातल्या. संध्याकाळी काढायला गेली तर त्या पांढऱ्याच होत्या. त्यांच्याकडे बघत मला म्हणाली, "हे चांगलं झालं की वाईट रे?" मी काय सांगणार? माझा खोकला गेला होता, आणि गिऱ्हाइकंही.

जुन्यांपैकी चौघांना नव्या कंपनीनं घेतलं. तीन महिने काम बघून कायम करणार होते. त्यात दाजी होते. कायम झाले तर कॉलनीतली खोली राहणार, नाहीतर दोघांना लेकीच्या शहरात जावं लागणार. आई गेल्यावर मला ताईनंच वाढवलं. ती इथून जाणार या विचारानंच माझा जीव टांगणीला लागला होता.

पहिल्या दिवशी दाजी सळई घेऊन गेले. दुपारी दुकानात आले ते पडेल चेहऱ्यानं.

"काही बोलतच नाहीत रे ती पॅनेलं."

"लाजत असतील. नवीन आहेत."

"चेष्टा नको करू. आवाज नाही, थरथर नाही, हात लावला तर नुसतं ऊन लागतं. चालू आहे की बंद, हे माणसानं ओळखायचं कशावरून?"

मला कुठे माहीत होतं? कैची चालते तेव्हा निदान आवाज तरी करते.

दाजींना कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर बसवलं. खोलीला भली मोठी खिडकी होती, आणि दाजी तिच्याकडे पाठ करून बसत. जुन्या कंट्रोल रूमला खिडकीच नव्हती, त्यामुळे मागं वळून बघायची सवयच नाही.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी पडद्यावरचा विजेचा आकडा मिनिटभरात निम्म्यावर आला. कोळशाच्या केंद्रात असं झालं की समजायचं, कुठेतरी वाफेची नळी फुटली. अकरा वर्षांपूर्वी असाच लोड पडला होता. वरिष्ठ फोन शोधेपर्यंत दाजींनी लाल बटण दाबलं आणि ओरडून पाच जणांना बॉयलरजवळून बाहेर काढलं. मागोमाग ती जागा वाफेनं भरली. त्या पाचांतल्या एकाची दाढी मी अजून करतो. त्यामुळे या खेपेलाही दाजींनी विचार केला नाही. बटण दाबलं, सगळी वीज बंद केली, आणि धावत बाहेर जाऊन ओरडले, "बाहेर व्हा! सगळे बाहेर व्हा!"

पॅनेल पुसणारे दोघे फडकी हातात धरून बघत राहिले. ते बाहेरच होते.

इंजिनिअर मॅडम आल्या, आमच्या भाचीच्या वयाच्या. "काका, काय झालं?"

"लोड पडला."

मॅडमनी त्यांना खिडकीशी नेलं. "ढग होता, काका. गेला बघा."

पुन्हा सगळं सुरू व्हायला पाऊण तास लागला. संध्याकाळी ताईनं मोठी पातेली माळ्यावरून काढली आणि कागदात गुंडाळायला घेतली. ते बघून माझं डोकं फिरलं. दाजींना काय वाट्टेल ते बोललो. "साधा ढग कळू नये माणसाला?"

ते चिडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं कामावर असताना वर बघायची गरजच पडली नाही रे."

मी तसाच घरी आलो. नंतर माझीच लाज वाटली.

आठवड्यानं निकाल लागायचा होता. त्या दिवशी दाजी दुपारी दुकानात आले, खुर्चीत बसले आणि आरशात बघत म्हणाले, "दाढी कर. कायम केलं मला."

मी ओरडलोच. शेजारच्या चहावाल्याला हाक मारली, ताईला फोन लावला. पातेली परत माळ्यावर गेली म्हणायची! दाजी मात्र सुतकी चेहऱ्यानं बसलेले.

"अहो, हसा की! काम काय दिलं?"

"तेच. पडद्यासमोर बसायचं." मग म्हणाले, "एक लिहून घेतलं माझ्याकडून. आकडा पडला, तर काही करायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. नुसतं बघायचं. आपोआप वर येतो म्हणे."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलंच असेल," दाजी म्हणाले. "पण मग मी तिथं कशाला, हे विचारायचं राहिलं. विचारलं आणि त्यांनाही ते पटलं, तर?"

मी त्यांच्या गालाला साबण लावला आणि वस्तरा घेतला. अर्धा गाल झाला असेल, तोच दुकानातला उजेड गेला. बाहेर ढग आला होता. अंगावरच्या कापडाखाली दाजींचा उजवा हात उचलला गेला. बोट पुढं झालं. मी वस्तरा गालापासून लांब धरला आणि थांबलो.

हात बराच वेळ तसाच होता. मग सावकाश खाली गेला.

ऊन परत आल्यावर मी उरलेली दाढी केली.