व्हर्लाची नारिंगी बाटली

व्हर्ला हागेडोर्नच्या पर्समध्ये कायम एक बाटली असायची. बाई लग्नाला निघाली तरी बाटली बरोबर, मयताच्या जेवणाला निघाली तरी बरोबर. इतर बायका पर्समध्ये रुमाल, लिपस्टिक, नातवंडांचे फोटो ठेवतात. हिच्या पर्समध्ये सॅलडवर ओतायचं नारिंगी ड्रेसिंग, आणि बाटलीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं: फॅट-फ्री. घरची बाई बिचारी स्वतःच्या हातानं घुसळलेलं ताकाचं ड्रेसिंग पुढे करायची. व्हर्ला ते भांडं एका बोटानं मागे सारायची आणि म्हणायची, "नको गं बाई, मला अजून जगायचंय." मग सगळ्या टेबलाचं लक्ष जाईल अशा बेतानं आपली बाटली खळाखळा हलवायची.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत आयोवातल्या वेस्टर ग्रोव्ह गावात तेव्हा चरबीची अशी धास्ती पसरली होती, की लोणी खाणाऱ्याला पोलीस धरून नेतील असं वाटावं. ज्या गावाच्या दोन पिढ्यांची पोटं डुकरं पाळून भरली, त्या गावातल्या बायका आता दह्याच्या डब्याकडेसुद्धा संशयानं बघायला लागल्या. दुकानात बिस्किटांवर फॅट-फ्री, केकवर फॅट-फ्री, गोड गोळ्यांवरही फॅट-फ्री. गोळ्यांत चरबी होतीच कधी, असा प्रश्न एकीलाही पडला नाही. छापून आलंय ना, मग झालं तर. विचार करायचं काम बाटलीवर सोपवून सगळ्या मोकळ्या झाल्या होत्या.

या शहाण्यांचं एक मंडळ होतं, 'हलकी पावलं' नावाचं. दर मंगळवारी सकाळी लुथरन चर्चच्या तळघरात ते भरायचं आणि मंडळाची सर्वेसर्वा अर्थातच व्हर्ला. सभा सुरू व्हायची ती वजनकाट्यापासून. बायका बूट काढायच्या, पट्टे काढायच्या, कानातलं काढायच्या, चष्मे काढून ठेवायच्या. लाव्हॉन क्रूसनं एकदा दातांची कवळी काढून शेजारणीच्या हातात दिली होती. जिचं वजन वाढलं असेल तिच्या गळ्यात पत्र्याचं एक गुलाबी डुक्कर बांधायचं आणि तिनं ते आठवडाभर घालून फिरायचं, बँकेत, दुकानात, प्रार्थनेलासुद्धा. ही पद्धत व्हर्लानंच काढलेली. डुक्कर बांधताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं, ते तिच्या नवऱ्यानं लग्नाच्या फोटोतही पाहिलं नव्हतं. सख्ख्या धाकट्या बहिणीच्या, आर्डिसच्या गळ्यातही तिनं ते बांधलं होतं आणि वर म्हणाली होती, "रडायचं काय त्यात? तोंड तुझं, हात तुझा, मग डुक्करही तुझंच." त्या दिवसानंतर आर्डिस मंडळात फिरकली नाही.

व्हर्ला मंडळात एकच उपदेश करायची. फॅट नाही म्हणजे त्यात काहीच नाही, आणि काहीच नाही म्हणजे हवं तेवढं ओता. बायका ओतायच्या. एवढंसं सॅलड आणि त्याच्यावर अर्धी बाटली, पानं बुडून जाईपर्यंत. वजनं मात्र उतरायचं नाव घेईनात. डुक्कर एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात फिरत राहिलं. व्हर्लाचा निवाडा ठरलेला होता: या बायका घरी चोरून केक खातात. बिचाऱ्या केकचं नाव ऐकूनच ओशाळायच्या आणि आणखी बाटल्या विकत घ्यायच्या.

व्हर्ला स्वतः मात्र बारीक झाली होती, अगदी नजरेत भरण्याइतकी. त्यात बाटलीचं कर्तृत्व काही नव्हतं. ती मुळात जेवायचीच नाही. दिवसभरात चार पानं चिवडायची, वर नारिंगी थेंब शिंपडायची, आणि बाकीची भूक दुसऱ्यांना नावं ठेवण्यात भागवायची. पण यश बाटलीच्या नावावर जमा झालं होतं, आणि सबंध जिल्ह्यातल्या मंडळांमध्ये सर्वांत जास्त वजन उतरवणारी बाई म्हणून यंदा राणीचा मुकुट तिला मिळणार होता. मुकुट पुठ्ठ्याचा, चंदेरी कागद चिकटवलेला. व्हर्लाला तो इंग्लंडच्या राणीच्या मुकुटापेक्षा कमी वाटत नव्हता.

नवरा डेल्मर साधा माणूस. गावच्या धान्यकोठारावर जन्मभर राबून निवृत्त झालेला, पोट सुटलेला, बोलायला आळशी. डॉक्टरांनी वजन कमी करा म्हटलं आणि व्हर्लानं त्याला ताब्यात घेतलं. डोनट बंद, केक बंद, कॉफीतली साखर बंद, डुकराच्या मांसाचा तर घरात वासही नाही. सकाळचं सोडून प्रत्येक जेवणाला परातभर लेट्यूसचा पाला आणि वर नारिंगी पूर. डेल्मर कुरकुर न करता खायचा. एवढंच नव्हे, वाडग्याच्या तळाला उरलेलं तो चमच्यानं निपटून काढायचा. व्हर्ला शेजारणींना अभिमानानं सांगायची, "बघा, पालेभाजी कशी आवडायला लागलीये माझ्या म्हाताऱ्याला." पालेभाजी कुठली! घरात गोड म्हणून जिभेला लागणारी तेवढी एकच वस्तू उरली होती. डेल्मरला ते ठाऊक होतं आणि तो गप्प होता, कारण बोललं तर तेही जाईल. असल्या माणसाची कीव करावी की त्याच्या पाठीत धपाटा घालावा, ते कळत नाही.

मग त्याला तहान लागायला लागली. अंगणातल्या नळीला तोंड लावून तो घटाघटा पाणी प्यायचा. बूट चावून पायाच्या बोटाला झालेली जखम भरेचना. डॉक्टर वुबेननी रक्त तपासलं आणि साखर म्हणाले. व्हर्ला खुर्चीतून ताडकन उठली.

"साखर? आमच्या घरात? डॉक्टर, आमच्या घरी कशात एक थेंब चरबी नसते!"

"मी चरबीचं विचारत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "गोड काय काय खातात ते?"

"गोडाचं नाव नको. हिरवा पाला खातो तो. पाला!"

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोड बंद ठेवा म्हणून पुन्हा बजावलं. जे बंदच आहे ते आणखी कसं बंद करायचं, असं म्हणत व्हर्लानं घरी येऊन पाला वाढवला आणि बाटल्याही. साखर काही उतरली नाही. बोट काळं पडलं आणि शेवटी कापावं लागलं. पायाला पट्टी बांधून घरी सोडताना डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "साखर खाली आली नाही, तर पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही. पाऊल जाईल."

डेल्मरला उठता-बसता आधार लागायचा, म्हणून आर्डिस मदतीला येऊन राहिली. मोठ्या बहिणीनं गळ्यात डुक्कर बांधलं होतं हे ती विसरली नव्हती, पण भावोजींचा राग तिला नव्हता. पहिल्याच दुपारी तिनं त्यांच्यासाठी सॅलड करायला घेतलं. बाटली उघडली, बोटावर थोडं घेतलं आणि चाखलं. मग पुन्हा चाखलं.

"व्हर्ला, इकडे ये. हे काय आहे?"

"ड्रेसिंग. फॅट-फ्री. वाचता येत नाही का?"

"वाचू नकोस, चाट. हा पाक आहे गं! नुसता साखरेचा पाक, रंग घातलेला!"

"काहीतरीच. टोमॅटोचा गोडवा असतो तो."

"टोमॅटोचा? अगं, इतकी वर्षं तू जॅम करतेस, साखरेचा पाक तुला कळत नाही? चरबी काढली म्हणजे चव जाते, ती भरून काढायला त्यांनी साखर ओतली. आणि तू ती भावोजींच्या घशात ओततेयस. वाटीभर! दोन्ही वेळा!"

व्हर्लानं बाटली हिसकावून घेतली आणि चाटली. खरं म्हणजे तिला चाटायची गरज नव्हती. जिभेनं तिला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, पण बाटलीवर छापलेलं पुढे आणि जीभ मागे, अशी तिची शिस्त होती. आता मात्र गोडी तोंडभर पसरली आणि ती ओट्याला टेकून उभी राहिली. 

"मग काय घालायचं त्याच्या पाल्यावर?" तिनं बारीक आवाजात विचारलं.

"थोडं तेल, थोडा सिरका, मीठ, मिरी. आई करायची तसं. चमचाभर तेलानं कोणी मरत नाही."

"तेल!" व्हर्ला म्हणाली, आणि तिच्या तोंडून तो शब्द शिवीसारखा निघाला.

"आणि मंगळवारी मंडळात उभी राहून सगळ्यांना सांग. लाव्हॉनच्या नवऱ्यालाही साखर आहे, ठाऊक आहे ना?"

"मंगळवारी मुकुट आहे गं."

"म्हणूनच म्हणते. सगळ्या तिथं असतील."

"त्या मला हसतील, आर्डिस. सगळ्या गावाला मी ही बाटली घ्यायला लावली. ते डुक्कर माझ्या गळ्यात बांधतील."

"बांधू देत. मी नाही का घातलं?"

"मुकुट होऊन जाऊ दे. मग सांगते. देवाशप्पथ सांगते."

बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीवर डेल्मर पाय वर करून पडला होता. तिकडच्या घरांच्या भिंती पुठ्ठ्याच्याच असतात. त्यानं शब्दन् शब्द ऐकला आणि टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

पुढचे चार दिवस त्याला तेल-सिरक्याचा पाला मिळाला. साखर उतरायला लागली. व्हर्ला त्याच्या पायाची पट्टी बदलायची, बोट होतं त्या जागेकडे न बघता. तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही. एकदा तर ती त्याच्या पायाशी बसून रडलीसुद्धा. पण नंतर आरशासमोर उभी राहून तिनं केस कसे बांधले तर मुकुट नीट बसेल, तेही बघून घेतलं. एकाच बाईच्या पोटात या दोन्ही गोष्टी सुखानं नांदत होत्या.

मंगळवारी तळघर भरलं होतं. मुकुटाच्या दिवशी नवऱ्यांनाही जेवायला बोलवायची रीत, त्यामुळे डेल्मर काठी टेकत आला होता, आर्डिस त्याला धरून. लांबलचक टेबलांवर पाल्याची घमेली आणि दर हातभर अंतरावर एक नारिंगी बाटली. व्हर्लाच्या डोक्यावर मुकुट चढला, टाळ्या पडल्या, पियानोवर काहीतरी वाजलं. दोन शब्द बोला म्हणाल्या तर ती बोलली. शिस्त, निर्धार, देवाची कृपा असलं पुष्कळ बोलली. बाटलीबद्दल चकार शब्द नाही. आर्डिस तिच्याकडे टक लावून बघत होती. व्हर्लानं त्या बाजूला मानच वळवली नाही.

जेवण सुरू झालं. व्हर्लानं स्वतः डेल्मरचं ताट वाढलं आणि पाला कोरडाच ठेवला. तिला वाटलं कोणाच्या लक्षात येणार नाही. पण लाव्हॉन क्रूसचे डोळे दुसऱ्यांच्या ताटातच असायचे.

"हे काय गं व्हर्ला! राणीच्या नवऱ्याचं ताट कोरडं? का त्याला मना आहे?"

सगळ्या टेबलाच्या माना वळल्या. मना आहे, एवढंच बोलायचं होतं. दोन शब्द. व्हर्लाचा हात बाटलीकडे गेला. तिनं थोडंसं शिंपडलं, अगदी पानं ओली होण्यापुरतं.

डेल्मरनं ताट उचलून तिच्यापुढे धरलं.

"अजून ओत, व्हर्ला."

"पुरे की तेवढं," ती हसत म्हणाली. ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही.

"अजून ओत," तो शांतपणे म्हणाला. तो तिच्या डोळ्यांत बघत होता. इतक्या वर्षांत त्यानं असं कधी बघितलं नव्हतं.

"ओत ना गं!" लाव्हॉन ओरडली. "चिक्कूपणा कसला करतेस? त्यात असतं काय?"

बायका हसल्या. व्हर्लानं एकदा आर्डिसकडे बघितलं, एकदा डेल्मरच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे. मुकुट थोडा कलला होता, तो तिनं एका हातानं सावरला आणि दुसऱ्या हातानं बाटली उपडी केली. पानं बुडाली. ती थांबली तेव्हा बाटलीत काही उरलं नव्हतं.

डेल्मरनं ताट खाली ठेवलं. त्यातलं एक पानही त्यानं तोंडात घातलं नाही. हळूच ते ताट त्यानं व्हर्लाच्या पुढ्यात सरकवलं, टोपी डोक्यावर चढवली आणि काठी घेतली.

"आर्डिस, तुझ्या घरी एखादी खोली रिकामी आहे का गं?" त्यानं विचारलं.

"आहे की, भावोजी," आर्डिस म्हणाली आणि गाडीच्या किल्ल्या काढल्या.

दोघं जिना चढून गेली. काठीचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाकीच्यांना वाटलं म्हातारा पाय दुखतो म्हणून घरी निघाला असेल, आणि सगळे आपापल्या ताटांत वाकले. व्हर्ला मात्र ते ताट समोर घेऊन बसली होती. चर्चच्या तळघरात वाढलेलं टाकून उठायची पद्धत नाही, आणि लाव्हॉन बघत होती. तिनं काटा उचलला आणि एकेक पान करत, मुकुट डोक्यावर ठेवून, ते ताट संपवलं.