चार तळहातांवरची गाडी

रस्त्याच्या कडेला उभी असलेली कोणतीही गाडी दिसली की आमचे घरमालक वाकायचे, तिच्या टायरवर उजव्या हाताचा अंगठा दाबायचे आणि नाडी सापडत नसलेल्या वैद्यासारखा चेहरा करून थोडा वेळ तसेच थांबायचे. मग मान वर करून विचारायचे, "पकड हाय का पकड?" हा प्रश्न गाडीला असायचा की आपल्याला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. गाडीवाला जवळपास असला तर धावत यायचा, कारण पांढरा लेंगा आणि टोपी घातलेला एक दांडगा माणूस आपल्या गाडीची हवा सोडतोय असंच कुणालाही वाटलं असतं.

माझी त्यांची ओळख अशीच झाली. मी यवतमाळहून नोकरीसाठी पुण्यात आलो होतो आणि वाघोलीत खोली शोधत हिंडत होतो. मालकांनी माझं नाव, गाव, कंपनी, पगार यातलं काहीही विचारलं नाही. माझ्या मोटारसायकलचं मागचं टायर दाबून पाहिलं आणि म्हणाले, "टायर येळंवर बदलतायसा. मानूस बरा दिसतोय. या ऱ्हायाला." भाडेकरूची पारख टायरवरून करणारा घरमालक तुम्हीही पाहिला नसेल. मालक जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण उभ्या गाडीशेजारून जाताना माझा अंगठा अजून शिवशिवतो.

तो काळ वाघोलीत शेताच्या जागी इमारती उगवण्याचा होता. खराडीकडे काचांच्या कंपन्या उभ्या राहत होत्या आणि आमच्यासारखी पोरं रोज पाठीवर बॅगा घेऊन उतरत होती. मालकांचं ज्वारीचं रान एका बिल्डरने घेतलं आणि त्या व्यवहारात एक गाडीही त्यांच्या गळ्यात मारली. लाल रंगाची, दोन दारांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी परदेशी गाडी. बिल्डरच्या मुलाने ती हौसेने आणली होती आणि दोन-तीनदा दुभाजकाला लावल्यावर त्याची हौस फिटली होती. ती सुरू झाली की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि शेजारच्या गोठ्यातली म्हैस पान्हा चोरायची.

ही गाडी मालक पहिल्या गिअरमध्ये चालवायचे. मी एकदा भीतभीत विचारलं, "मालक, दुसरा गिअर?"

"त्यो घाटासाठी ठेवलाय," ते म्हणाले.

पण खरी गंमत पुढेच आहे. मालकांच्या बायको, ज्यांना मी मावशी म्हणायचो, त्या या गाडीत बसायच्या नाहीत. दर गुरुवारी त्या शहरात बहिणीकडे जायच्या, त्याही बसने. आणि त्यांच्या बसच्या मागोमाग मालक ती गाडी घेऊन निघायचे! बस थांब्यावर थांबली की हेही थांबायचे. बस निघाली की हेही गुरगुरत निघायचे. मावशी शेवटच्या सीटवर, मागच्या काचेतून खाली बघत शेंगा सोलत बसलेल्या असायच्या. एकदा कंडक्टरने दारातून ओरडून विचारलं, "ओ पाव्हणं, पाठलाग करताय का?" मालक छाती काढून म्हणाले, "बायकू हाय माजी आत!" त्यावर अख्खी बस मागे वळून मावशींकडे बघायला लागली. मावशींनी पदर डोक्यावर ओढून शेंगा सोलायचं काम चालू ठेवलं.

न बसण्याचं कारण मला मावशींनीच सांगितलं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. त्यांचं माहेर कात्रजच्या जुन्या घाटापलीकडचं. मालक त्यांना मोटारसायकलवरून आणायला गेले होते. गाडीचं मागचं टायर झिजून पार टकलं झालेलं. घाटातल्या वडाच्या वळणावर बारीक खडी होती. गाडी घसरली, डगमगली आणि मालकांनी मोठ्या हुशारीने सावरली. मावशी मात्र शिदोरीसकट कडेच्या वाळूच्या ढिगावर उतरल्या होत्या. म्हणजे उतरवल्या गेल्या होत्या.

"लागलं नाही ना?" मी विचारलं.

"लागलं न्हाई वो. पर ह्यांना कळलंच न्हाई!" मावशी म्हणाल्या. "कांद्याचा भाव सांगत फुडं गेलं. खाली कात्रजला डेरीपाशी थांबलं, दोन गिलास दूध सांगितलं आन् मग मागं बघितलं."

"मग?"

"मग काय! मला कोथिंबिरीचा टेम्पो गावला. मी टेम्पोतनं खाली आन् हे मला हुडकाया वर. मी बघितलं ह्यांना. पर हाक न्हाई मारली. म्हनलं, हुडकू दे."

त्या दिवसापासून मालक चालवतील त्या कोणत्याही वाहनावर बसायचं नाही, हे मावशींनी ठरवलं आणि पाळलं. तिकडे माहेरी त्यांच्या भावांना आयतं कोलीत मिळालं. प्रत्येक लग्नात मालक दिसले की ते विचारायचे, "या दाजी! आमची बहीण कुठं सांडून आलात?" मालक हसायचे. पण जेवताना त्यांना घास जायचा नाही, हेही मावशींनीच मला सांगितलं.

आता त्या भावांपैकी थोरल्याच्या मुलाचं लग्न निघालं होतं. आणि मालकांनी मनाशी ठरवलं होतं की या लग्नाला बायको आपल्या शेजारी बसून, त्याच घाटातून, मांडवाच्या दारापर्यंत येणार. त्यासाठी हवे होते टायर. जगातले सगळ्यांत चिकट टायर.

"इंजिनेर," त्यांनी मला हुकूम सोडला, "तुमच्या त्या कंपूटरात बगा, सगळ्यात जास्त पकड कुठल्या टायरला हाय."

मी ऑफिसात बसून कंपनीच्या इंटरनेटवर टायरचा अभ्यास केला. कामात इतकं लक्ष मी कधी घातलं नव्हतं. रात्री पायरीवर बसून मालकांना सांगितलं, की रबर जितकं मऊ तितकी पकड जास्त, पण तितकंच ते लवकर झिजतं. वरच्या खाचा असतात त्या पाणी बाहेर काढायला. कोरड्या रस्त्यावर खाचा जितक्या कमी तितकं रबर रस्त्याला जास्त टेकतं. आणि इंजिनात ताकद कितीही असो, एका वेळी रस्त्याला लागलेलं असतं ते प्रत्येक चाकाचं फक्त तळहाताएवढं रबर.

मालकांनी आपला तळहात पुढे धरला. मग दुसरा धरला. मग माझे दोन्ही धरले. "येवढी मोठी गाडी," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "ह्या चार हातांवर?" त्या रात्री ते गच्चीवर बराच वेळ फेऱ्या मारत होते.

शहरातल्या परदेशी टायरच्या दुकानात आम्ही गेलो तेव्हा मालकांच्या पिशवीत एक शहाबादी फरशीचा तुकडा आणि पाण्याची बाटली होती. दुकानदार चष्म्यावरून बघत होता. मालकांनी प्रत्येक टायर अंगठ्याने दाबलं, त्याचा वास घेतला, एकाला गाल लावून पाहिला. मग फरशी ओली करून तिच्यावर टायर घासायला सुरुवात केली.

"आपण टायर घ्यायला आला आहात की त्याला अंघोळ घालायला?" दुकानदाराने विचारलं.

"पकड बगतुया."

"बघा. फक्त आमच्या गळ्याची पकड सोडा, एक वाजला, दुकान बंद करायचंय."

शेवटी दुकानदाराने आतून शर्यतीच्या गाड्यांचे टायर आणून दाखवले. जवळजवळ बिनखाचांचे, इतके मऊ की नख लावलं तर उमटत होतं. "कोरड्या रस्त्यावर याच्याइतकं कुणी धरत नाही," तो म्हणाला. "पावसात मात्र गाडी काढू नका. आणि वर्षभरसुद्धा टिकतील असं मी सांगणार नाही. नंतर भांडायला यायचं नाही."

"झिजू द्या की," मालक म्हणाले. "झिजलं तर झिजलं. धरून तर ठेवतंय!" आणि चारही घेतले.

मोठ्या दिमाखात गाडी दारात आली. मावशी हात पुसत बाहेर आल्या. गुडघ्यावर हात ठेवून खाली बसल्या, टायरवरून सावकाश हात फिरवला आणि उठल्या.

"टकलं हाय," असं म्हणून त्या आत गेल्या.

मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात जाऊन मऊ रबर, कोरडा रस्ता, तळहात, सगळं पुन्हा समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "तुमी पडला हुता का टकल्या टायरवरनं? मी पडले हुते." यापुढे इंटरनेटचं काही चाललं नाही.

मालकांनी दोन दिवस गाडीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा दुकानात. दुकानदार आम्हाला बघून कपाळावर हात मारायचा तेवढा राहिला होता. "आता काय हवंय? केस असलेला टायर?" मालक गंभीरपणे म्हणाले, "व्हय." मग मधला मार्ग निघाला. रबर मऊच, पण वर पाण्यासाठी चांगल्या खोल खाचा. ओल्या-कोरड्या दोन्हींत धरणारे. मावशींनी खाचांत बोट घालून पाहिलं. त्या नाही म्हणाल्या नाहीत. पण हो म्हणाल्या असंही नाही. "आधी पूजा करा, मग बघू," एवढंच बोलल्या.

लग्नाच्या दिवशी सकाळी पूजा झाली. चाकाखाली एकेक लिंबू ठेवून गाडी पुढे न्यायची, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मालकांनी पाटीभर लिंबं आणली होती. गुरुजी म्हणाले, "अहो, चार पुरतात."

"ती साध्या गाडीला. हिची ताकद किती हाय, ठाव हाय का?"

आमच्या पार्किंगला मालकांनी हौसेने गुळगुळीत, आरशासारखी फरशी बसवून घेतली होती. ती नुकतीच धुतलेली. तिच्यावर नारळाचं पाणी सांडलेलं. आणि त्यावर चारही चाकांच्या पुढे-मागे लिंबांचे ढीग. मालकांनी देवाचं नाव घेऊन ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला. हळूच ठेवला, पण त्या गाडीला हळूचही पुष्कळ होतं. प्रचंड आवाज झाला. मागची चाकं गरागरा जागच्या जागी फिरायला लागली आणि लिंबाचा रस, बिया, साली यांचा फवारा थेट गुरुजींच्या अंगावर गेला. "अरे बाप्पा!" म्हणत मी खांबामागे दडलो. म्हैस दावं तोडून पळाली. मालकांनी पुन्हा पाय दिला. पुन्हा गुरुजींना अभिषेक. जगातली सगळी पकड बसवलेली ती गाडी तसूभर पुढे सरकेना.

मालक स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात मावशी पायऱ्या उतरून आल्या. गाडीभोवती एक चक्कर मारली. "जाग्यावरनं हालंना व्हय ही?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," मालक आतून पुटपुटले.

"मंग बसते," असं म्हणून त्यांनी दार उघडलं आणि चक्क बसल्या!

मी आणि गुरुजींनी मिळून लिंबं काढली, फरशी पुसली आणि गाडी रस्त्याला लावली. मावशी काही उतरल्या नाहीत. मला मागे कोंबलं. तिथे दोन माणसांची जागा आहे असं म्हणायची पद्धत होती, प्रत्यक्षात दोन कलिंगडं मावली असती. मांडीवर आहेराची भांडी, डोक्याशी करंज्यांचा डबा. गाडी निघाली आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला मालकांनी समोर बघतच विचारलं, "हायस का?"

"हाय," मावशी म्हणाल्या.

मग हे चालूच राहिलं. सिग्नल सुटला की "हायस का?" खड्डा आला की "हायस का?" शेजारी चिकटून बसलेल्या बायकोकडे त्यांना नुसतं बघताही आलं असतं, पण रस्त्यावरून नजर काढायची त्यांची हिंमत नव्हती. एकदा मावशींच्या आधी मीच म्हणालो, "मीही आहे, मालक."

"तुमाला कुनी इचारलं?"

घाट सुरू झाला. राखून ठेवलेला दुसरा गिअर पडला. मालकांच्या मानेवरून घाम ओघळत होता. प्रत्येक वळणावर "हायस का?", "हाय." आणि मग समोर तो वड दिसला. मावशींनी कधी दाखवला नव्हता, पण मला कळलं, कारण मालकांनी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं की बोटं पांढरी पडली.

"हायस का?"

उत्तर आलं नाही.

मालकांनी ब्रेक दाबला. आणि काय सांगू, त्या टायरांनी रस्ता असा धरला की गाडी जागच्या जागी खिळली. सगळ्या करंज्या माझ्या डोक्यावर आल्या. मागे एक टेम्पो कर्कश ब्रेक लावून थांबला आणि हॉर्न वाजवायला लागला. मालक हलले नाहीत. डावीकडे मान वळवायचा त्यांना धीर होत नव्हता. समोर बघत, मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या आवाजात, त्यांनी विचारलं, "हायस का गं?"

मावशींनी पदर नीट केला. मांडीवर उडालेली करंज्यांची साखर झटकली. पुरता वेळ घेतला.

"हाय," त्या म्हणाल्या. "ह्या खेपंला लगीच कळलं की तुमाला."

मालकांनी टोपी काढून तोंड पुसलं. घाम पुसला की डोळे, ते मला मागून दिसलं नाही. माझेही डोळे भरले होते आणि त्यात करंजीचं सारण गेलं होतं. टेम्पोवाला हॉर्न वाजवतच होता. मावशींनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि त्याला ओरडून म्हणाल्या, "दम धर की रं जरा! तवा थांबायचं ऱ्हायलं हुतं, ते आत्ता थांबल्यात."

टेम्पोवाल्याला काही कळलं नसणार, पण त्याने हॉर्न बंद केला.