माशांआधीचं पाणी

बायको गेल्यावर मी मुलीला चाळीसगावला माझ्या मोठ्या बहिणीकडे ठेवलं आणि धुळ्यात एकटा राहू लागलो. नोकरी करून एकट्यानं पोर सांभाळणं जमत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. कुणी उलट विचारलं नाही. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मुलगी तिसरीत होती.

दिवाळीच्या सुट्टीत ती येणार होती. तिला करमलं तर इथल्याच शाळेत नाव घालू, असं मी आक्काला बोलून बसलो होतो. घरात पोरीला काहीतरी जिवंत दिसावं म्हणून जळगावच्या एका दुकानातून माशांसाठी काचेची टाकी आणली. दुकानदारानं सोबत एक बाटली दिली. यात जिवाणू आहेत, म्हणाला, माशांची घाण तेच पचवतात. दुधाला विरजण लावतात तसं नव्या पाण्याला हे लावायचं आणि पाणी मुरू द्यायचं. मासे नंतर. पुढेही पाणी एकदम सगळं बदलायचं नाही, आणि नळाचं ताजं तर मुळीच नाही. त्यातल्या औषधानं जिवाणू मरतात.

बाटली ओतली तर गटारीसारखा वास आला. जिवाणूंसाठी रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं होतं. ऑफिसातून आलो की दिवा लावून रिकाम्या टाकीपुढे बसायचो. पंपाची बुडबुड, बाकी घरात आवाज नाही. घरमालकांनी एकदा दारातून पाहिलं.

"भाऊ, मासा कोठे शेतस? भूतले चारी ऱ्हायनात का?"

मासेच नाहीत तर भुताला चारतोय का, असं म्हणत होते. मी हसलो. त्या आठवड्यात घरात माझ्याशी कुणी बोललं ते तेवढंच.

पाणी आधी दुधाळ झालं, मग निवळलं. मी मासे आणले. मुलगी आली ती पिशवी खाली ठेवायच्या आधी टाकीपुढे बसली. जेवायचं ताटही तिथेच. मी तिच्या मागे खुर्चीवर. बाटलीचं तिला सांगावं असं रोज वाटे, पण सुरुवात कुठून करायची ते सुचत नसे. तिच्याशी बोलायची सवयच राहिली नव्हती.

आमच्याकडे नळ तीन-चार दिवसांनी यायचा. नळ आला की जुनं पाणी मोरीत ओतायचं आणि सगळं ताजं भरून ठेवायचं, ही घरोघरची रीत. आक्काकडेही तेच. एका संध्याकाळी मी परतलो तर हंडे-बादल्या भरलेल्या, टाकीही सगळी ताज्या पाण्यानं काठोकाठ, आतले गोटे घासून पांढरे केलेले.

"अप्पा, बठ्ठं शिळं पाणी मी ओतून दिलं," ती म्हणाली. फ्रॉक ओलाचिंब, चेहरा खुललेला.

मी बरं म्हणालो.

एकेक करत मासे वर तरंगू लागले. शेवटचा मी जाळीनं काढत होतो, तेव्हा तिनं विचारलं, "माझ्यामुळे मेले का?"

नाही, मी तुला सांगितलं नाही म्हणून मेले. एवढंच म्हणायचं होतं. मी जाळी झटकत राहिलो. तिला उत्तर मिळालं.

सुट्टी संपायच्या आधीच तिनं आक्काकडे जायचं काढलं. मी थांब म्हटलं नाही. तिला धुळं मानवलं नाही, असं मी पुढे लोकांना सांगत आलो. खरं म्हणजे ती जाते म्हणाली तेव्हा मला जरा हायसं वाटलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तिलाही नाही.

गाडी हलायच्या आधी ती खिडकीतून म्हणाली, "अप्पा, आता मासे नका आणू."

तेव्हाही मी नुसती मान हलवली.