फेलिशियाच्या लग्नाच्या पिशव्या

बेसिल नाखवा समुद्रातलं प्लास्टिक गोणीत भरून घरी आणतो, ते फादरांनी कुमसाराच्या, म्हणजे पापांच्या कबुलीच्या, वेळी दिलेलं प्रायश्चित्त आहे, असं सगळं पाचूबंदर सांगतं. साफ खोटं. फादरांना तर त्या गोण्यांचा वास येईपर्यंत काही ठाऊकच नव्हतं. आमची भिंत नाखव्याच्या भिंतीला लागून आहे, म्हणून खरं काय ते मी सांगतो.

जानेवारीत त्याच्या लेकीचं, फेलिशियाचं लग्न झालं. खाऊसाठी जाड प्लास्टिकच्या पिशव्या छापून घेतल्या होत्या. लाल बदाम, त्यात सोनेरी अक्षरांत 'फेलिशिया – एरॉल'. लग्न उरकलं आणि थर्माकोलच्या ताटल्या, पेले, उरलेल्या नि फेकलेल्या पिशव्या, सगळं नाखव्याने होडीत भरलं. आमच्याकडे सगळे तेच करतात. ओहोटी लागली की सोडून द्यायचं. "जाव दे," तो म्हणाला, "दर्याला काय जागा कमी हाय?"

पण आमची डोल म्हणजे पाण्यात तोंड उघडं ठेवून बांधलेलं जाळं. भरती-ओहोटी जे आणेल ते गिळतं. पहिली पिशवी वॉल्टरच्या डोलीत आली, बोंबलांच्या मधोमध. वॉल्टर आधी नाक ओढतो, मग ओरडतो (मला हुबेहूब जमतं): "स्स्नं... बेसिल! तुजा आहेर परत आला रं!" मग रोज कुणाच्या ना कुणाच्या जाळ्यात. लिलावात क्लारामावशी तर गाणंच म्हणायची: "बोंबील घ्या, बोंबील! वर फेलिशियाबाय फुकट!" लोक हसून आडवे. नाखवा खाली मान घालून यायचा, पिशवी धुवायचा, घडी करून खिशात घालायचा.

ईस्टरआधीच्या उपासकाळात फेलिशिया माहेरी आली आणि नेमकी लिलावाच्या वेळी बंदरावर उतरली. क्लारामावशीचं गाणं चालूच होतं. फेलिशिया रडली नाही. घरी येऊन एवढंच बोलली, "बाबा, कचऱ्यावर माजं नाव कोनी घातलं? तुमीच ना? आता होडीच्या आशीर्वादाला मला बोलवू नका." पावसाळ्यानंतर फादर होड्यांना आशीर्वाद देतात, तेव्हा होडीच्या टोकाला हार घालायचा मान घरच्या लेकीचा. नाखव्याला दुसरी लेक नाही.

त्या दिवसापासून डोलीत आलेलं प्लास्टिक त्याने पुन्हा पाण्यात टाकलं नाही. खलाशी कुरकुरले, "नाखवा, म्हावरा आनायचा का उकिरडा?" तो दुसऱ्यांच्या होड्यांवर जाऊन त्यांच्या जाळ्यातल्या पिशव्या मागायला लागला, तेव्हा वॉल्टरने विचारलं, "लेकीच्या तेवड्या देव, का सगळ्या?"

"सगळ्या दे."

मी त्याला शहाणपणा शिकवायला गेलो. "नाववाल्या तेवढ्याच उचला ना, बाकीच्यांशी तुमचा काय संबंध?"

त्याने गोणीतून दुधाची एक पिशवी काढून माझ्यासमोर धरली. "तुजी आय मागच्या दारानं रोज काय फेकते? बाळा, हिच्यावर तुमचं नाव छापलेलं नाय, येवडाच फरक."

मी ती पिशवी परत गोणीत टाकली.

ओल्या, माशाच्या वासाच्या पिशव्या भंगारवाला घेईना. पावसाळा लागून होड्या वर ओढेपर्यंत गोण्या घरामागे साचत गेल्या. आशीर्वादाच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "नाखवा, फेलिशिया काय येत नाय. पैज?"

"येल," तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता. "आली तर गोनी घेवन दारोदार प्लास्टिक मागत तू फिरायचं. नाय आली तर मी हे सोडतो."

फेलिशिया आली. होडीकडे नाही, सरळ घरामागे गेली आणि गोण्यांसमोर उभी राहिली.

"अजून येतात?"

नाखव्याला 'नाही' म्हणता आलं असतं. "येतात, बाय. आज सकाळीच किनाऱ्याला एक लागली."

तिने वरच्या गोणीचं सुटलेलं तोंड बांधलं. मग म्हणाली, "हार कुठंय?"

दुसऱ्या दिवशी मी रिकामी गोणी खांद्यावर टाकून निघालो. पहिलं दार आमचंच होतं. आईने ते अर्धंच उघडलं.