नोरीनचा अख्खा हात

नोरीन पॅस्को एकोणीस वर्षं टपालाची गाडी हाकत होती. दर मंगळवारी गावाहून निघायचं आणि तीनशे किलोमीटर लाल धूळ खात कुराबिनाच्या पबला पोचायचं. वाटेत समोरून ओळखीची गाडी एकच यायची, पबवाल्या क्लेम वेदरॉलची. तो गावातून बियर आणायला निघालेला असे. दोघं स्टिअरिंगवरचं एक बोट उचलत आणि पुढे जात. त्या मुलखात याला गप्पा म्हणतात.

मागच्या मंगळवारी मात्र क्लेम गावाला गेलाच नाही; नोरीन पबला पोचल्यावर त्यानं काउंटरमागून तोंड उघडलं. "नोरीन, इथंच राहा ना. लग्न करू. नको असेल तर पब विकतो आणि बहिणीकडे ॲडलेडला जातो. पुढच्या मंगळवारी गावात विक्रीच्या सह्या आहेत."

"बघते," असं म्हणून नोरीन अर्धं सॉसेज ताटातच टाकून उठली.

आठवडाभर तिला घास गोड लागला नाही. माणूस हवा होता, चांगलाच हवा होता. पण 'हो' म्हणायचं म्हणजे गाडी थांबवा, काच खाली करा, बोला! साठीच्या बाईला ते फारच उघडंनागडं वाटलं. शेवटी तिनं ठरवलं, बोटाऐवजी अख्खा हात उचलायचा. हे क्लेमला कळवलं मात्र नाही. एवढं न कळायला तो काय दगड आहे?

मंगळवारी अर्ध्या वाटेवर समोर धूळ दिसली. क्लेम इस्त्रीच्या शर्टात होता. नोरीननं पाचही बोटं पसरून हात वर केला.

क्लेमनं करकचून ब्रेक दाबला, गाडी वळवली आणि तिच्या मागे लागला. आरशात ते पाहून नोरीन एकटीच खुदकन हसली.

आता त्या रस्त्यावर अख्खा हात म्हणजे 'पुढे पूर आहे, मागे फिर'. नोरीनलाही ते ठाऊक होतं, लाजेच्या भरात विसरली बापडी. क्लेमनं वायरलेसवरून सगळ्या मुलखाला कळवलं, ओढा चढलाय, रस्ता बंद. तिनं आपला वायरलेस सकाळीच बंद केला होता. त्यानं उलट काही विचारलं तर बोलणार काय? पावसाचा थेंब पडून आठ महिने झाले होते, पण शंका कुणीच घेतली नाही. नोरीन उगाच हात करणारी बाई नव्हे.

पबसमोर पाच ट्रक आणि शंभर गुरं अडकली होती. एक पर्यटक जोडपं रबरी होडी फुगवत बसलं होतं.

क्लेम घामाघूम होऊन उतरला. "पाणी किती आहे गं?"

"कसलं पाणी?"

"हात केलास ना!"

"अरे गाढवा, तो हात..."

रेग डफिल्ड हा गुरांचा ट्रकवाला खेकसला, "बये, गुरं उन्हात उभी आहेत माझी. रस्ता बंद आहे की नाही, एकदाचं सांग!"

"पाणी नसेल तर निघतो मी," क्लेम मान खाली घालून म्हणाला. "चारपर्यंत सह्या आहेत. तू गाडीसुद्धा थांबवली नाहीस, तेव्हाच समजलो मी." तो गाडीत बसला आणि त्यानं किल्ली फिरवली.

नोरीन धावत जाऊन त्याच्या गाडीपुढे हात पसरून उभी राहिली.

"रस्ता बंद आहे!" ती सगळ्यांदेखत ओरडली. "फक्त याच्यासाठी!"

"किती दिवस?" रेगनं विचारलं.

"आम्ही दोघं मरेपर्यंत."

क्लेमनं वायरलेस उचलला आणि साऱ्या मुलखाला तसंच्या तसं कळवलं.