डहाळा नसलेली दारं

मी लिहायला बसलो याबद्दल आधीच माफी मागतो. लिहिणं हे ज्यांच्या घरात पुस्तकं असतात त्यांचं काम, असं मला अजून वाटतं. आमच्या घरात पंचांगसुद्धा नव्हतं. तिथी विचारायला आई शेजारी जायची. वडील नगर जिल्ह्यातून गवंडीकामाला पिंपरीला आले. तेव्हा तिथे औषधांच्या कारखान्याच्या भिंती उठत होत्या. भिंती उठल्या तरी ते तिथेच राहिले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वसतिगृहाच्या वार्षिकासाठी शाळेतल्या सेवाकार्याबद्दल लिही, असं सरांनी सांगितलं. त्यांना बहुधा उमेद वाढवणारं काही हवं असावं. मला जे आठवतं ते तसं नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर बरं झालं असतं, पण आमच्या पथकातला इथे मी एकटाच आहे.

चिंचवडच्या आमच्या हायस्कुलात सेवा पथक होतं. दंडाला निळी फीत बांधायची आणि रविवारी मास्तर नेतील तिथे जायचं. जत्रेत पाणी वाटायचं, विहिरीत लाल औषध टाकायचं, रस्त्यातले खड्डे मुरुमाने बुजवायचे. श्रमदानाचे दिवस होते ते. पथकाचा प्रमुख मुलांनी हात वर करून निवडायचा. त्याला नायक म्हणायचं.

मी नववीत होतो तेव्हाचा नायक अकरावीत होता. त्या वर्षी मॅट्रिकला बसणार होता. नदीकाठच्या जुन्या गावातलं त्याचं घर. वडील खडकीच्या कारखान्यात कामाला, सकाळच्या गाडीने जायचे ते अंधार पडल्यावर परत यायचे. नायक फार हुशार होता असं नाही. पण गटार उपसायचं असलं की पहिली पाटी तो उचलायचा, आणि मग आम्हाला मागे राहायची लाज वाटायची. मला तो आपल्या जोडीला घ्यायचा. का, ते मी कधी विचारलं नाही.

त्याला चार वर्षांची बहीण होती. ती त्याच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेच्या फाटकापर्यंत यायची आणि तिथून रडत आईबरोबर परत जायची. दिवाळीनंतर देवी काढणारा, म्हणजे लस टोचणारा, सरकारी माणूस गावात आला, तेव्हा ती तापाने फणफणली होती. "ताप उतरल्यावर आणा," असं म्हणून त्याने तिला परत पाठवलं. ताप उतरेपर्यंत तो मावळाकडे गेला होता. आईला त्याचं काही वाटलं नाही. टोचून पोरीचा हात सुजला असता ते टळलं, एवढंच. नायकाला मात्र ते सारखं टोचत होतं. आमच्या दंडांवर वण होते, तिच्या नव्हता. मास्तरांना तो दर आठवड्याला विचारायचा, "तो माणूस परत कधी येणार?" मास्तर म्हणायचे, "अर्ज केलाय."

थंडी सरता सरता गावात देवी आल्या. आधी कुंभारआळीत, मग खालच्या आळीत.

आमच्याकडे देवी आल्या म्हणजे रोग झाला असं कुणी म्हणत नसे. बाय आली, असं म्हणत. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचा, घरात फोडणी द्यायची नाही, पुरुषांनी दाढी करायची नाही, आणि परक्याने उंबरा ओलांडायचा नाही. डहाळा दिसला की भिकारीसुद्धा त्या दारावरून पुढे जायचा. लेकुरवाळ्या बायका तर रस्त्याची पलीकडची कड धरून जायच्या. नायकाची आईही तशीच जायची, पोरीचं तोंड पदराखाली घेऊन.

आरोग्य खात्याचे साहेब शाळेत आले. गावाबाहेर माळावर त्यांनी तट्ट्यांचं छप्पर उभं केलं होतं, आजाऱ्यांना वेगळं ठेवायला. पण आजारी कुठे आहेत ते कुणी सांगेना. तेव्हा पथकाच्या बैठकीत नायक उठून उभा राहिला. म्हणाला, "सर, सांगायला कशाला पायजे? दारावर डहाळा असतोच की. आमी सकाळी आळीआळीतून फिरू आणि डहाळा दिसेल ते घर तुमाला कळवू."

मास्तरांनी टेबलावर हात आपटला. "याला म्हणतात नेतृत्व!"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही जोडीजोडीने फिरू लागलो. सांगितलेल्या घरी बैलगाडी जायची, आजारी मूल आणि त्याची आई छपरात जायची. आया ओरडायच्या, बैलांपुढे आडव्या पडायच्या. मला ते बघवत नसे. नायक ओठ आवळून उभा राहायचा आणि म्हणायचा, "आता रडतात. उद्या शेजारची पोरं वाचतील." तो हे स्वतःच्या घराकडे बघून म्हणायचा, हे मला दिसत होतं.

आळीतल्या बायका आम्हाला बघून पोरांना हाका मारायच्या, "चला रं आत, आलं बघा मास्तराचं कुत्रं हुंगायला!" एका म्हाताऱ्याने पारावरून विचारलं, "काय रं नायका, कारखान्यात साहेब झाल्यावर आमच्या मढ्याचीबी वर्दी देणार का?" पारावरची माणसं हसली. नायकही हसला, पण त्याचे कान लाल झाले.

आणि एका सकाळी डहाळे दिसेनासे झाले. आम्ही कुंभारआळी फिरलो, खालची आळी फिरलो, नदीकडची घरं पाहिली. सगळी दारं स्वच्छ. मास्तरांना सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. साथ हटली, असं त्यांनी प्रार्थनेनंतर जाहीर केलं. साहेबांनी आमच्या पथकाचा फोटो काढवला. नायक मध्ये उभा होता.

मलाही तेच वाटलं होतं, हे सांगायला हवं. डहाळा नाही म्हणजे देवी नाहीत, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं. लोकांना आता बाईपेक्षा बैलगाडीचा धाक होता, आणि डहाळा दिसला की गाडी येते म्हणून त्यांनी तो काढला, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. घरात फोडणी बंदच होती, मूल खाटेवर होतंच. फक्त दार कोरं होतं, आणि कोऱ्या दारातून लोक पूर्वीसारखे आतबाहेर करू लागले.

त्या आठवड्यात नायकाच्या शेजारच्या घरी कासार आला. सबंध आळीच्या बायका त्या ओट्यावर बांगड्या भरायला जमल्या. आईने नायकाला विचारलं, "पोरीला नेऊ का रं? लई मागं लागलीय." मी तिथेच होतो. तो म्हणाला, "ने की. आता कुठं काय हाय." बांगड्या भरून झाल्यावर पोरगी त्या घरातल्या पोरींबरोबर आत खेळायला गेली. आतल्या खोलीत गोधडीखाली कोण निजलंय ते तिला कुणी सांगितलं नाही. तिच्या आईलाही सांगितलं नाही.

पुढच्याच्या पुढच्या आठवड्यात मी नेहमीप्रमाणे त्याला हाक मारायला गेलो. दारावर डहाळा होता. ताजा, नुकताच तोडलेला. नायक उंबऱ्यात उभा होता आणि त्याची आई टाचा उंचावून तो ओढून काढायला बघत होती.

"काढ त्यो. काढ म्हंते ना!"

"आई, डहाळा नसला तर शेजारची पोरं येतील आत."

"येऊ दे. त्यांनी न्हाई का आपल्या पोरीला येऊ दिलं?"

"म्हणूनच म्हणतोय."

"तुझी ती निळी फीत जाळ आधी. तिच्यानं माझी पोर गेली."

"गेली न्हाई अजून. आई, गेली न्हाई."

त्याने तिचे हात धरून खाली घेतले. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आत येऊ नको. चल, मास्तरांकडं जाऊ."

मास्तर न्हाणीतून नुकतेच आले होते, अंगावर पंचा होता. नायकाने सरळ सांगितलं, "सर, एक घर हाय. आमचं." मास्तर खाली बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, तू आपल्या पथकाचा नायक आहेस. परीक्षा तोंडावर आली आहे. घरीच वेगळं ठेवा तिला. मी साहेबांना काही बोलत नाही."

"मग बाकीच्यांना कशाला नेलं?" नायक म्हणाला.

मास्तरांनी सदरा चढवला आणि साहेबांकडे निरोप धाडला. गाडी आली. नायकाने बहिणीला गोधडीत गुंडाळून स्वतः गाडीत ठेवलं आणि आई चढल्यावर तोही चढला. आळी दारादारात उभी होती. कुणी ओरडलं नाही, एक बाई फक्त म्हणाली, "आता कळलं का रं बाबा, कसं वाटतं ते?" ती चिडून म्हणाली नाही. तिचं मूल त्याच छपरात गेलं होतं, आणि परत आलं नव्हतं.

नायकाचे वडील कामावरून आले की भाकरी करायचे. फडक्यात बांधलेली ती भाकरी मी माळाच्या बांधावर नेऊन दगडावर ठेवायचो आणि लांब उभा राहायचो. मग नायक यायचा. आम्ही ओरडून बोलायचो. पोरगी पाणी पिते. पोरगी आज पाणी पीत नाही. पोरीच्या डोळ्यांत फोड आलेत. एकदा मी विचारलं, परीक्षेचं काय? तो म्हणाला, "तू हात चांगला धुतोस ना रं घरी गेल्यावर?"

मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली, संपली. तो छपरातच होता.

पोरगी वाचली. ती बाहेर आली तेव्हा मी गेलो होतो. तिचा चेहरा मला ओळखू आला नाही, ते लिहवत नाही. उजवा डोळा पांढरा झाला होता. डाव्यावर पट्टी होती. पुण्याहून आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डावा राहील कदाचित, पट्टी निघेपर्यंत काही म्हणता येत नाही. नायकाने तिला खांद्यावर घेतलं होतं. तो मला म्हणाला, "एक राहिला तरी पुरे. एका डोळ्यानं माणूस सगळं करतंय."

आई गावात राहायला तयार नव्हती. चाकणच्या पलीकडे तिचं माहेर होतं. पट्टी निघायच्या आधीच ती दोघांना घेऊन तिकडे गेली. वडीलही काही दिवसांनी नोकरी सोडून गेले, असं कळलं. पथकाने नवा नायक निवडला. मी हात वर केला नाही, पण नाही म्हणूनही सांगितलं नाही. मास्तरांना मी दोनदा तिचं विचारलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या आवाजावरून वाटलं की ठाऊक करून घ्यायची त्यांची छाती होत नव्हती. माझीही नव्हती. चाकण काही लांब नाही. सायकलवर जाता येतं. मी गेलो नाही. डावा डोळा राहिला असेल, असं धरून मी मॅट्रिक झालो आणि पुण्याला आलो.

गेल्या महिन्यात वसतिगृहाच्या स्वयंपाकघरासाठी कांद्याची पोती आली. गाडीवाला चाकणकडचा. बोलता बोलता त्याने गावाचं नाव घेतलं, ते नायकाच्या आजोळचं. मी त्याला विचारलं, तिथे अशी अशी माणसं राहायला आली होती का, चिंचवडची, बरोबर लहान पोरगी.

"व्हय, हायती की," तो म्हणाला. "पोरगा बाजारात हमाली करतो. पोतं पाठीवर घिऊन पळतो गडी. लई अबोल. आय त्याच्याशी बोलत न्हाई म्हंतात."

"आणि पोरगी? तिचा डावा डोळा?"

त्याने पोतं खाली ठेवलं, माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. "तुमी त्यांचे कोन?"

मी म्हणालो, "ओळखीचा."

"न्हाई राहिला, भाऊ," तो म्हणाला. "पट्टी काडली तवाच गेल्याला होता. दोनी गेले."