बाविसावं स्तोत्र आणि खाप्याचा डोह

खाप्याच्या डोहाचं ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. सांगतोच सगळं. नावं मात्र कुणाचीच घेणार नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नवाकोरा फौजदार, नागपुरातल्या एका ठाण्यात. एप्रिलची सकाळ. हजेरी नुकतीच झाली होती, तेवढ्यात एक मास्तर आत आले. मिशन शाळेतले, साठीला टेकलेले, गळ्यापर्यंत बटण लावलेला शर्ट. त्यांची मोठी मुलगी नर्स होती, सव्वीस वर्षांची. आदल्या दिवशी दुपारी ड्युटीला म्हणून निघाली, पण दवाखान्यात पोचलीच नाही. मास्तरांच्या हातात चिठ्ठी होती. दोनच ओळी: "बाबा, मला शोधू नका. बाविसावं वाचा."

"बाविसावं काय?" मी विचारलं.

"स्तोत्र, साहेब. आमच्या पवित्र शास्त्रातलं." त्यांनी त्याची सुरुवात सांगितली. देवा, तू मला का सोडलंस, अशा अर्थाची. "प्रभू वधस्तंभावर हेच बोलला," एवढं म्हणाले आणि चिठ्ठीची घडी करायला लागले.

आमचे हवालदार जुने, वीस वर्षं नोकरी झालेले. माझ्या कानाशी आले. "साहेब, मरतानाचं बोलणं लिहून गेली पोरगी. मले तं काही बरं दिसून नाही राहिलं."

मलाही दिसत नव्हतं. मिसिंगची नोंद घेतली, वर्णन वायरलेसवर दिलं, एसटी स्टँडवर माणूस पाठवला. दुपारपर्यंत खबर आली. एक कंडक्टर म्हणाला, "हो, पांढऱ्या साडीतली बाई. खाप्याले उतरली. उतरताना मले विचारे, नदीकडे रस्ता कोणता?"

नदीकडे! झालं. खापा म्हणजे कन्हानच्या काठावरचंच गाव. उन्हाळ्यात पाणी आटतं, पण डोह राहतात.

दोन दिवस आम्ही तिथं होतो. तिथल्या ठाण्याची माणसं घेतली, ढिवरांना जाळी टाकायला लावली. जाळं जड लागलं की मी पाण्याच्या कडेपर्यंत पुढे जायचो. एकदा मेलेलं वासरू निघालं, एकदा बाभळीचं खोड. मास्तर काठावर उभे, छत्री हातात पण उघडलेली नाही. मला एकीकडे वाटायचं ती सापडू दे, आणि पाण्याकडे पाहिलं की वाटायचं नको सापडू दे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नागपूरला परतून मी मास्तरांना ठाण्यात बसवून जबाब घेतला. घेतला काय, ओरडलोच. "घरात काय झालं होतं? जवान मुलगी उगाच निघून जाते का?"

मास्तरांनी छत्री टेबलाला टेकवली. मग म्हणाले, "धाकटीचं लग्न ठरलंय. मोठी स्वतःच्या लग्नाला नाही म्हणते. मी चिडलो. म्हणालो, लोक विचारतात, तुझ्यात काय खोट आहे ते सांग एकदाचं. ती दुसऱ्या दिवशी गेली." माझ्याकडे बघून म्हणाले, "मीच ढकललं तिला, साहेब. तसं लिहा."

मी लिहिलंसुद्धा. आत्महत्येचा संशय, कारण घरगुती. कागद जवळजवळ तयार होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी ठाण्यात आली. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी. मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चच्या लोकांत, तिला सगळे आत्याबाई म्हणत. काळ्या कव्हरचं जाड पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं.

"हे पोरीचं आहे. मास्तरच्या घरून उचलून आणलं. तुम्ही कुठवर वाचलं गा?"

"पहिली ओळ सांगितली मास्तरांनी."

"आन् त्यावर पोरीले मारून टाकलं? लोकाची फिर्याद बी पहिली ओळ वाचूनच बंद करता का?"

हवालदार खुदकन हसले. मी त्यांच्याकडे पाहिलं तसे गप्प झाले.

"मास्तरांनी तरी पुढचं वाचलं असतंच की," मी म्हणालो.

"मास्तरचा जीव पहिल्या ओळीतच अटकला. आमच्यात बाविसावं म्हटलं का पुरं बाविसावं. प्रभू वधस्तंभावर बोलला तवा पुढचं त्याले पाठ होतं गा! रडण्यापासून सुरू होते, आन् देवानं ऐकलं, इथं येऊन थांबते. मराले निघालेली पोर बापाले हे वाचाले नाही सांगत."

तिनं पान उघडलं आणि शेवटाकडे बोट ठेवलं. तिथं म्हटलं होतं की दुःखी माणसाच्या दुःखाची देवानं किळस केली नाही, त्याच्यापासून तोंड लपवलं नाही. खाली पेन्सिलीची रेघ, आणि समासात एक तारीख.

"ही तारीख कसली?"

"ज्या दिवशी एखादं वचन धरून माणूस उभा राहते, त्या दिवसाची तारीख बाजूले टाकतो आम्ही. माझं पुस्तक पाहाल तं कॅलेंडर होऊन गेलं."

तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती. माझ्या डोक्यात टणकन वाजलं! त्या दिवशी काय झालं होतं? तिच्या दवाखान्याचं ड्युटी रजिस्टर पाहिलं, तर त्या दिवशी रजा. रजा घेऊन गेली कुठं? वचनातल्या 'किळस' शब्दावरून मला दुखण्याची शंका आली. नर्सला काही दुखणं झालं आणि लपवायचं असेल तर ती आपल्या दवाखान्यात दाखवणार नाही. मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो आणि त्या तारखेचं ओपीडी रजिस्टर काढायला लावलं. कातडीच्या विभागात तिचं नाव सापडलं.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "कुष्ठरोग. अगदी सुरुवात आहे, गोळ्यांनी बरा होईल. राहायची सोय कुठं होईल, विचारत होती. मी खाप्याजवळच्या कुष्ठधामाचं नाव सांगितलं. नदीच्या रस्त्यावर आहे."

हवालदार बाहेर आल्यावर पुटपुटले, "साहेब, त्या फाटकावरून तं आपण दोन दिवस येऊन-जाऊन राहिलो."

खरं होतं. आजूबाजूच्या प्रत्येक दारात विचारलं होतं आम्ही. तेवढं एक फाटक सोडलं. कुणी कुणाला सोडा म्हणालं नव्हतं, आपोआप सोडलं. आणि मी डायरीत लिहिलं होतं, परिसरात सर्वत्र चौकशी केली.

जीप काढली. कोराडीला कोळशाच्या ट्रकांमागे अडकलो आणि मी ड्रायव्हरवर उगाच खेकसत होतो. ती तिथं पोचली तरी असेल का? फाटकाशी उतरलो.

"चला, हवालदार."

"मी जीपपाशी थांबतो, साहेब." मान खाली. मी तरी काय, अर्धं मिनिट तसाच उभा होतो. मग गेलो.

ओसरीत ती एका म्हाताऱ्याच्या पायाला पट्टी बांधत होती. जिवंत! माझा गणवेश पाहून उभी राहिली.

"घरी खबर केली नाही का हो?" मी जवळजवळ ओरडलोच. "तिकडे डोहात जाळी टाकतोय आम्ही!"

"मेलेल्या बहिणीमुळे लग्न मोडत नाही, साहेब. रोगी बहिणीमुळे मोडतं. लोकांनी मेली समजावं. बाबांनी पूर्ण वाचलं की त्यांना कळेल, मी बरी आहे."

"तुमचे बाबा तीन दिवस पहिल्याच ओळीवर आहेत."

ती खाली बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडायला लागली.

रिपोर्टात मी एवढंच लिहिलं: सज्ञान आहे, स्वेच्छेने राहते, सुखरूप आढळली. ठिकाण मास्तरांना तोंडी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांना आणि आत्याबाईंना घेऊन गेलो. मास्तर आत जाऊन अंगणात मुलीसमोर नुसते उभे. तीच म्हणाली, "बाबा, उन्हात उभे राहू नका."

मास्तरांनी व्याह्यांना स्वतः जाऊन खरं सांगितलं. लग्न मोडलं. धाकटी दोन वर्षं बापाशी बोलली नाही, मग दुसरीकडे तिचं झालं. मोठी बरी झाली आणि तिथंच नर्स म्हणून राहिली.

मी ख्रिस्ती नाही. पण ते स्तोत्र मी आत्याबाईंकडून पूर्ण वाचून घेतलं. मला वाटायचं, धर्माची पुस्तकं दुःख जाईल असं सांगतात. तिथं तसं काही नव्हतं. कुणीतरी तोंड फिरवलं नाही, एवढंच होतं, आणि त्या मुलीला तेवढं पुरलं. पुढे नोकरीत 'सर्वत्र चौकशी केली' असं लिहिताना माझा हात अडायचा. कोणतं दार सोडलं, ते आधी विचारायचो.

एक सांगायचं राहिलं. ती सापडली त्या दिवशी निघताना मी कुष्ठधामातल्या हापशावर हात धुतले. तीनदा. वर पाहिलं तर ती बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं चहा आणला, ग्लास कठड्यावर ठेवला आणि स्वतःच दोन पावलं मागे सरली.

मी म्हणालो, "हातात द्या."

माझी भीती गेली नव्हती. पण तिनं ग्लास उचलला, हातात दिला, आणि मी प्यायलो.